टेबल ‘ते’, मग टिश ‘तो’ कसा?

प्रश्न : मी कोल्हापूरच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. जर्मनीतल्या नोकरीसाठी जर्मन शिकते आहे. ए-२ ही पातळी झाली, तीन महिन्यांनी पुढच्या पातळीची, बी-१ची परीक्षा आहे. वहीत ९००च्या आसपास शब्द जमलेत, पण सुरुवातीला मी नुसता शब्द आणि त्याचा मराठी अर्थ लिहीत गेले. लिंग दाखवणारी उपपदं, म्हणजे पुल्लिंगी डेर, स्त्रीलिंगी डी, नपुंसकलिंगी डास, लिहिलीच नाहीत. आता दर वाक्याला अडखळते. सर म्हणतात, पाठ करा. वर्गातली मैत्रीण म्हणते, सगळीकडे ‘डी’ लाव, बऱ्याचदा बरोबर येतं. आपल्याकडे टेबल ‘ते’, मग जर्मनमध्ये टेबल म्हणजे टिश ‘तो’ कसा? याला काही नियम आहेत का? जुन्या शब्दांचं काय करू? चुकीचं बोलण्यापेक्षा गप्प बसावं असं वाटायला लागलंय.

उत्तर : सरांचं म्हणणं खोटं नाही, पण अर्धंच आहे. तुमच्या वहीतल्या बऱ्याच शब्दांचं लिंग त्यांच्या शेपटीवरच, म्हणजे शेवटच्या अक्षरांवरच लिहिलेलं असतं. ते पाठ करण्यात एक मिनिटही घालवू नका. शेपटीवरून जे कळत नाहीत तेवढेच पाठ करायचे, आणि तेही ‘टिश-डेर, लाम्पे-डी’ असे पाढे म्हणून नाही. (इथे जर्मन शब्द देवनागरीत दिलेत. वहीत मात्र मूळ जर्मन स्पेलिंगच लिहा, आणि नामाचं पहिलं अक्षर कॅपिटल. जर्मनमध्ये प्रत्येक नामाचं असतं.)

मराठी माणसाकडे एक भांडवल आयतंच असतं. इंग्रजी बोलणाऱ्याला खुर्चीला लिंग असतं हेच पचत नाही, हिंदी बोलणाऱ्याकडे दोनच लिंगं. आपल्याकडे तो, ती, ते अशी तिन्ही आहेत. आता आठवून पाहा, ‘खुर्ची स्त्रीलिंगी’ हे तुम्ही कधी पाठ केलं होतं? ‘माझी खुर्ची कुणी घेतली’, ‘ती मोडकी खुर्ची हलव’ हे कानावर पडत गेलं आणि काम झालं. म्हणजे लिंग शिकलात ते शेजारच्या शब्दांमधून. जर्मनमध्येही लिंग शेजारच्या शब्दातच ऐकू येतं: आधीच्या डेर-डी-डासमध्ये आणि विशेषणाच्या शेवटात. जुना, जुनी, जुनं म्हणताना आपण जे करतो तेच जर्मन माणूस आल्टर, आल्टे, आल्टेस म्हणताना करतो. आइन आल्टर श्टूल (जुनी खुर्ची), आइने आल्टे लाम्पे (जुना दिवा), आइन आल्टेस बेट (जुना पलंग).

भांडवल आहे ते तीन लिंगं वागवण्याच्या सवयीचं. मराठी शब्दाचं लिंग उचलून जर्मन शब्दाला चिकटवायचं नाही. लिंग वस्तूचं नसतं, शब्दाचं असतं. आपल्याकडे देह तो, काया ती आणि शरीर ते, माणूस एकच. खाट ती, पलंग तो. तसंच जर्मनमध्ये गाडीला वागेन म्हटलं तर डेर, आउटो म्हटलं तर डास. त्यामुळे ‘टेबल ते, मग टिश डेर का’ या प्रश्नाला उत्तर नाही, आणि ते शोधत बसू नका.

तरी काही गट असे आहेत की तिथे मराठी कान बिनधास्त वापरावा. प्राण्यांची पिल्लं घ्या. वासरू, कोकरू, शिंगरू, पिल्लू, झालंच तर मूल, सगळी ‘ते’. जर्मनमध्ये काल्ब, लाम, फोलेन, क्युकेन, किंड, सगळी डास. क्रियापदापासून केलेली नामं: खाणं, वाचणं, लिहिणं, झोपणं ही ‘ते’, डास एसेन, डास लेझेन, डास श्रायबेन, डास श्लाफेन. याला अपवाद नाही. सोनं, लोखंड, तांबं, शिसं ‘ते’. गोल्ड, आयझेन, कुप्फर, ब्लाय डास. (चांदी मात्र आपल्याकडे ती आणि तिकडे झिल्बर डास. पोलाद ते, तर श्टाल डेर.) मुलगी म्हणजे मेडशेन, तीही डास, हे ऐकून वर्गात हशा होतो. ‘ते पोरगं’ म्हणणाऱ्याला त्यात हसण्यासारखं काही वाटू नये. ‘शेन’ हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय आहे आणि तो लागला की शब्द डास होतो, मग तो मुलीला लागो की पावाला: डास ब्र्योटशेन (छोटा पाव).

उलट तुमच्या कामातला एक गट मराठी कानाला हमखास फसवतो. ऑपरेशन, इन्फेक्शन, इंजेक्शन, स्टेशन, हे सगळे शब्द आपण ‘ते’ म्हणून वापरतो. जर्मनमध्ये ‘त्सिओन’ने संपणारा प्रत्येक शब्द डी असतो. डी ओपेरात्सिओन, डी इन्फेक्त्सिओन, डी इन्येक्त्सिओन. रुग्णालयातला वॉर्ड म्हणजे डी श्टात्सिओन. क्लिनिक आपल्याकडे ते, तिकडे डी क्लीनिक. वॉर्डातले हे शब्द दिवसात पन्नासदा तोंडात येणार, म्हणून आधी हेच सुधारा.

आता शेपट्या. ज्यांवर डोळे मिटून विसंबावं अशा थोड्याच आहेत, पण त्या खूप शब्द उचलतात. उंग, हाइट, काइट, शाफ्ट, त्सिओन, टेट: या सगळ्या डी. उंटरझूखुंग (तपासणी), बेहांडलुंग (उपचार), एंट्स्युंडुंग (दाह), क्रांकहाइट (आजार), युबेलकाइट (मळमळ), श्वांगरशाफ्ट (गरोदरपण). दवाखान्याच्या भाषेत आणखी दोन जोडा: इटिस आणि ओझे. ब्रॉन्खीटिस, ट्रोम्बोझे, डिआग्नोझे, सगळ्या डी. ‘ई’ असा लांब उच्चार असलेल्या टेरापी आणि आलेर्गी याही डी, आणि थेरपी, अ‍ॅलर्जी मराठीतही ‘ती’च असल्यामुळे तिथे त्रास नाही. ‘उम’ आणि ‘मेंट’ बहुतेक डास: आंटिबिओटिकुम, मेडिकामेंट. क्षण या अर्थाचा मोमेंट मात्र डेर.

‘लिंग’ हा प्रत्यय तर मराठी माणसासाठीच केला असावा. ज्या जर्मन शब्दाला शेवटी ‘लिंग’ हा प्रत्यय लागतो तो पुल्लिंगी. डेर फ्र्युलिंग (वसंत), डेर लेअरलिंग (शिकाऊ उमेदवार), डेर श्मेटरलिंग (फुलपाखरू). तान्हं बाळ म्हणजे झॉयग्लिंग, तेसुद्धा डेर. बाळ ‘ते’ म्हणून तुम्ही डास म्हणायला जाल, तिथे ही शेपटी वाचवेल.

शेपटी खरी की नुसती दिसायला तशी, हे मात्र पाहावं लागतं. मराठीत एकता, मानवता, सुंदरता या ‘ती’, म्हणून नेता आणि पत्ता ‘ती’ होत नाहीत. त्यांच्यातला ‘ता’ वेगळा. तसंच श्प्रुंग (उडी) हा शब्द डेर आहे, कारण त्यातला उंग प्रत्यय नव्हे, शब्दाचाच तुकडा आहे. क्नोखेन (हाड) आणि राखेन (घशाचा मागचा भाग) यांच्या स्पेलिंगमध्ये मेडशेनसारखंच शेपूट दिसतं, पण दोन्ही डेर. इथे डोळ्यांपेक्षा कान भरवशाचा: लहानपणा दाखवणारा प्रत्यय ‘शेन’ ऐकू येतो, या दोन शब्दांत स्पष्ट ‘खेन’ आहे.

‘ए’ने संपणारे शब्द बहुसंख्येने डी असतात. तुमच्या पेशात हा नियम सोन्यासारखा आहे. श्प्रित्से (सिरिंज), टाब्लेटे, वुंडे (जखम), झाल्बे (मलम), नीरे (मूत्रपिंड), लुंगे (फुप्फुस), नाझे (नाक), प्फ्लेगे (शुश्रूषा), सगळे डी. अपवाद थोडे पण रोजचे आहेत: डास आउगे (डोळा), डास एंडे (शेवट), डेर नामे (नाव), डेर केझे (चीज). पुरुषाला उद्देशून असलेले युंगे (मुलगा), कोलेगे (सहकारी), कुंडे (ग्राहक) हे अर्थातच डेर. ‘गे’ने सुरू होऊन ‘ए’ने संपणारे गेबॉयडे (इमारत), गेम्युझे (भाजी) हे डास. एवढी अपवादांची चिठ्ठी आरशाला लावा आणि पुढे चला.

सगळ्यात जास्त चुका ‘अर’ या शेपटीवर होतात. लेअरर (शिक्षक), फारर (चालक) डेर आहेत, म्हणून ‘अर’ म्हणजे डेर असा समज होतो. तो नियम मुख्यतः काम करणाऱ्या माणसासाठी आहे. फीबर (ताप), प्फ्लास्टर (चिकटपट्टी), वासर (पाणी), त्सिमर (खोली) हे सगळे डास. लेबर (यकृत) आणि शुल्टर (खांदा) डी. ‘एन’चंही तसंच: मागेन (जठर), र्‍युकेन (पाठ), हुस्टेन (खोकला), श्नुप्फेन (सर्दी) डेर, पण किसेन (उशी) डास. या दोन शेपट्यांचे शब्द सरळ पाठ करायच्या ढिगात टाका. ‘निस’सुद्धा त्याच ढिगात: एरगेब्निस (निकाल) डास, एरलाउब्निस (परवानगी) डी.

जोडशब्दांचं सोपं आहे. देव तो, घर ते, म्हणून देवघर ते. शेवटचा शब्द राज्य करतो. डास ब्लूट (रक्त) आणि डेर ड्रुक (दाब) मिळून डेर ब्लूटड्रुक. श्टूल डेर म्हणून रोलश्टूल (चाकांची खुर्ची) डेर, हाउस डास म्हणून क्रांकेनहाउस डास. जर्मन माणसाला शब्दाला शब्द जोडायची हौस दांडगी. त्यामुळे १०० साधे शब्द पक्के केले की कित्येक जोडशब्द फुकट मिळतात. ठेच लागते ती थोड्या ठिकाणी. वोर्ट (शब्द) डास असून आंटवोर्ट (उत्तर) डी आहे. वोखे (आठवडा) डी असून बुधवार, म्हणजे मिटवोख, डेर आहे. सगळे वार डेर असतात, महिने आणि ऋतूही.

आता मैत्रिणीचा सल्ला. शब्दकोशात स्त्रीलिंगी नामं सर्वांत जास्त आहेत हे खरं, पण ती फुगलीत वरच्या उंग-हाइट-त्सिओनमुळे, आणि ती तुम्हाला शेपटीवरून कळणारच आहेत. अडचण येते ती हात, पाय, डोकं, पलंग, किल्ली अशा आखूड, घरगुती शब्दांशी, आणि तिथे ‘डी’चा अंदाज वाईट पडतो. हांड डी, फूस (पाऊल) डेर, बाइन (पाय) डास, क्नी (गुडघा) डास, कोप्फ (डोकं) डेर, हेर्त्स (हृदय) डास. इथे एकही शेपटी नाही. हे पाठच करायचे.

वहीची डागडुजी अशी करा. सुट्टीचे दोन दिवस काढा. ड्यूडेन किंवा कोणताही चांगला शब्दकोश उघडा. ड्यूडेनमध्ये शब्दाच्या पुढे स्वल्पविराम देऊन डेर, डी किंवा डास लिहिलेलं असतं. पहिल्या फेरीत फक्त खात्रीच्या शेपटीचे शब्द शोधा आणि शेपटीखाली रेघ मारा. त्यांना वेगळं काही लिहू नका. रेघ म्हणजेच उत्तर. दुसऱ्या फेरीत ‘ए’वाले शब्द आणि जोडशब्द. उरलेल्या प्रत्येक शब्दाआधी एकच अक्षर लिहा: डेरसाठी आर, डीसाठी ई, डाससाठी एस. ही तिन्ही त्या उपपदांची शेवटची अक्षरं, आणि हीच अक्षरं आल्टर-आल्टे-आल्टेसमध्ये विशेषणाच्या शेवटी येतात. रंग वापरायचे तर खुशाल वापरा (निळा डेर, लाल डी, हिरवा डास असा प्रघात बऱ्याच ठिकाणी आहे), पण एकदा ठरवलेला रंग बदलू नका. आणि रंगावर फार भिस्त नको. परीक्षेतला कागद पांढराच असतो.

उरलेले समजा ४०० शब्द निघाले. रोज दहा घेतले तर ४० दिवस, म्हणजे परीक्षेआधी पन्नासेक दिवस हातात राहतात. प्रत्येक शब्दाला एक चिठ्ठी. पुढच्या बाजूला मराठी अर्थ किंवा चित्र. मागे तीन ओळी: डेर, डी किंवा डाससकट शब्द आणि त्याचं अनेकवचन, ‘आइन’ (एक) आणि एखाद्या विशेषणासकट तोच शब्द, आणि एक छोटं वाक्य ज्यात तो कर्म आहे. खुर्चीची चिठ्ठी अशी होईल: डेर श्टूल, डी श्ट्यूले. आइन आल्टर श्टूल. इश ब्राउखे आइनेन श्टूल (मला एक खुर्ची हवी आहे). ‘आइन’ एकट्यानं लिहून भागत नाही, कारण डेर आणि डास दोन्हींना ‘आइन’च लागतं आणि लिंग झाकलं जातं. विशेषण आलं की ते उघडं पडतं. तिसरी ओळ यासाठी, की कर्म झालं की फक्त डेर बदलून डेन होतो आणि आइनचं आइनेन. डी आणि डास जागचे हलत नाहीत. ही ओळ तोंडात बसली की व्याकरणाचा अर्धा तक्ता आपोआप बसतो.

चिठ्ठी उलटण्याआधी उत्तर मोठ्यानं म्हणा. मनात ‘हो हो, येतं’ म्हणून उलटणं हीच सर्वांत सामान्य चूक. त्यानं ओळख वाढते, आठवण नाही. एका दिवसाच्या दहांत तिन्ही लिंगं मिसळलेली असू द्या. सगळे डेर एकाच दिवशी घेतले तर तिसऱ्या शब्दापासून डोकं चालणं थांबतं. चिठ्ठी त्याच संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी, मग तीन, सात आणि पंधरा दिवसांनी पाहा. चुकली की पुन्हा पहिल्या दिवसावर.

एक खड्डा मात्र फार खोल आहे. वाक्यात ऐकलेलं उपपद तसंच वहीत उतरवू नका. ‘मिट डेर श्प्रित्से’ (सिरिंजनं) ऐकलंत आणि श्प्रित्से डेर असं लिहिलंत, तर फसलात. ‘मिट’नंतर चतुर्थीचं रूप येतं आणि तिथे डीचा डेर होतो, डेर आणि डास या दोघांचा डेम. शिवाय अनेकवचनात तिघांचाही डी: डी श्ट्यूले, डी टाब्लेटेन, डी बेटेन. म्हणजे कानावर पडलेला ‘डेर’ पुल्लिंगी कर्ता असेल किंवा चतुर्थीतली बाई, आणि ‘डी’ स्त्रीलिंगी असेल किंवा नुसती गर्दी. लिंग नोंदवायचं ते शब्दकोशातल्या एकवचनावरूनच. वाक्यातून काही खात्रीचे धागे मिळतात: ‘आइनेन’ ऐकलं तर डेर, ‘त्सुर’ ऐकलं तर डी (त्सुर आर्बाइट, कामाला), ‘इन्स’ ऐकलं तर डास (इन्स बेट, अंथरुणात). ‘त्सुम’ आणि ‘इम’ डेर-डास दोघांचेही असतात, त्यावरून निकाल लावू नका.

तुमच्यासाठी आणखी एक शब्द: पात्सिएंट (रुग्ण). डेर पात्सिएंट कर्ता असतानाच असा राहतो; बाकी सगळीकडे त्याला शेवटी ‘एन’ लागतं. इश हेल्फे डेम पात्सिएंटेन (मी रुग्णाला मदत करते). डेर कोलेगेचंही तसंच. हे रूप परीक्षेत आणि वॉर्डात दोन्हीकडे रोज लागतं.

वस्तूंना सर्वनाम लावताना इंग्रजी डोक्यात आणू नका. इंग्रजीच्या सवयीनं बरेच जण प्रत्येक वस्तूला ‘एस’ (इंग्रजीतलं ‘इट’) म्हणतात. मराठीत विचार करा: पंखा कुठाय? तो बंद आहे. तसंच, वो इस्ट डेर श्टूल? एर इस्ट हीर. (खुर्ची कुठाय? ती इथे आहे.) डेरला एर, डीला झी, डासला एस.

राहिलं बोलायचं. लिंग चुकल्यानं अर्थ बदलतो असे शब्द आहेत, पण थोडे. कीफर डेर असेल तर जबडा, डी असेल तर पाइनचं झाड. लाइटर डेर म्हणजे प्रमुख, डी म्हणजे शिडी. आपल्याकडे ‘तो वेळ’ आणि ‘ती वेळ’ आहे तसंच. पण जबडा दुखतोय म्हटल्यावर कुणी झाड शोधायला जात नाही. काही शब्दांवर तर जर्मन बोलणाऱ्यांचंही एकमत नसतं: ई-मेल जर्मनीत डी, ऑस्ट्रियात बरेच जण डास म्हणतात. तेव्हा बोला, आणि उपपद स्पष्ट उच्चारा. खात्री नसली की तोंडातल्या तोंडात ‘दऽ’ करून पुढे सरकायची युक्ती बरेच जण करतात. तिनं वेळ निभावते, पण समोरच्याला चूक ऐकूच जात नाही आणि दुरुस्तीही मिळत नाही. समोरचा माणूस बहुतेकदा चूक दाखवत नाही, पण उत्तर देताना तोच शब्द बरोबर वापरतो. तुम्ही विचारलंत, ‘वो इस्ट डास श्ल्युसेल?’ (किल्ली कुठाय?) आणि उत्तर आलं, ‘डेर श्ल्युसेल? डेर हेंग्ट डा.’ (ती तिथे लटकतेय.) हा ‘डेर’ कर्ता आहे, एकवचनी आहे, आधी शब्दयोगी काही नाही, म्हणजे तो उतरवून घ्यायला हरकत नाही. घरी गेल्यावर एकदा शब्दकोशात पाहा आणि रात्रीच्या दहा चिठ्ठ्यांत अकरावी घाला.